शेवटची दोन काडतुसं

माझ्या थोरल्या भावाचा हात थरथरत नव्हता. तो थरथरतो असं मी चारचौघांत म्हणालो, आणि आठ महिने त्याने ते खरं मानलं. गोष्ट एवढीच आहे. पण एवढ्यावर सोडली तर मी सुटतो, आणि मला सुटायचं नाहीये, म्हणून सगळी सांगतो.

माझं बंदूक दुरुस्तीचं दुकान आहे. एक काउंटर, मागे कामाचं टेबल, टेबलावर शिकंजा, आणि दाराशी एक लांब बाक. बाकावर रोज सकाळी तिघं येऊन बसतात. बेकरीवाला, कारण त्याचं काम पहाटेच उरकतं. निवृत्त ओव्हरसियर, कारण घरी त्यांना कोणी बसू देत नाही. आणि शाळेची बस चालवणारा भोंगा, ज्याला हे नाव बसमुळे नाही, त्याच्या आवाजामुळे पडलं. तिघांपैकी एकाचंही माझ्याकडे रोज काम नसतं. तरी येतात, माझा चहा पितात आणि मलाच अक्कल शिकवतात.

काम मला सासऱ्यांनी शिकवलं. दुकान त्यांचंच. बायको याच टेबलाखाली रांगत मोठी झाली, त्यामुळे बंदुकीच्या दस्त्याचं लाकूड घासणं, तेल पाजणं हे सगळं ती करतेच, शिवाय माझ्या कामात कुठे काय चुकलं हेही तिला लांबून दिसतं. सासऱ्यांचा एक नियम होता. बंदूक उघडली की परत देण्याआधी नकली काडतुसं भरायची, जेवढी मावतात तेवढी, आणि तीनदा चालवायची. तीनदा म्हणजे तीनदा. म्हातारा त्यावरून चपला फेकून मारायचा.

आता दादाची रायफल. ती मुळात वडिलांची. जुनी, बोल्टची. म्हणजे दांडा वर उचलायचा, पूर्ण मागे ओढायचा, पुढे ढकलायचा, खाली दाबायचा, की एक काडतूस नळीत जातं. पोटात मॅगझिन आहे, त्यात पाच मावतात, एक डावीकडे एक उजवीकडे अशी एकमेकांना खेटून. त्यांच्या खाली एक धातूची पट्टी असते, तिला आम्ही फॉलोअर म्हणतो. फॉलोअरच्या खाली स्प्रिंग, आणि सगळ्याला खालून झाकणारी तळपट्टी. स्प्रिंग फॉलोअरला वर ढकलते, फॉलोअर काडतुसांना. एवढाच संसार. वडील गेले तेव्हा ही रायफल दादाकडे गेली, कारण नेम त्याचा. माझ्याकडे वडिलांचं घड्याळ आलं, तेही बंद पडलेलं. मी बंदुका दुरुस्त करतो आणि मला घड्याळ. याचं मला वाईट वाटलं नाही असं मी वीस वर्षं सगळ्यांना सांगत आलोय.

दादा त्या रायफलीवर नुसता फुशारक्या मारत नव्हता. रानडुकरं पिकात घुसली की ज्या मोजक्या लोकांना सरकारी ऑफिसातून बोलावणं जातं, त्या यादीत त्याचं नाव पहिलं. सहासष्टाव्या वर्षीही पहिलं. बटाट्याच्या शेतातून मध्यरात्री फोन आला तरी तो निघायचा, आणि लोक त्याला दारापर्यंत सोडायला यायचे. मला कोणी दारापर्यंत सोडायला आलेलं मला आठवत नाही.

गेल्या वर्षी हंगामाच्या आधी त्याने ती साफसफाईला आणली. मी उघडली. नेमका दादा समोर उभा राहिला.

"नीट लाव रे बारक्या. बाबांची आहे."

अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला बारक्या. बाकावरचे तिघं ऐकतायत. माझ्या कानाची पाळी तापली.

"दादा, मी हे डोळे मिटून लावतो."

"लाव बघू," भोंगा म्हणाला. त्याला काय, फुकटचा तमाशा.

आणि मी लावलं. खरंच डोळे मिटून. स्प्रिंग, फॉलोअर, तळपट्टी, खटका. तिघांनी टाळ्या वाजवल्या. बेकरीवाल्याने शिट्टी मारली. मी डोळे उघडून दादाकडे बघितलं. त्याने फक्त विचारलं, "चालवून बघायची नाही?"

"माझं काम चालवून बघावं लागत नाही."

हे वाक्य मी बोललो. सासऱ्यांच्या दुकानात, त्यांच्या फोटोखाली उभा राहून.

मग तळपट्टीच्या सांध्यावर बायकोच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला, अर्धा पट्टीवर, अर्धा चौकटीवर. हा आमचा रिवाज. गिऱ्हाईक घरी जाऊन स्वतः उघडून बघतं, काहीतरी वाकवतं आणि मग आपल्यालाच शिव्या देतं. ठिपका तुटलेला दिसला की त्याचं तोंड बंद करता येतं. गिऱ्हाईक खोटं बोलतं हे आम्ही धरूनच चालतो.

तीन आठवड्यांनी दादा परत आला. बाक भरलेला होताच.

"बारक्या, तीन येतात. चौथं अडकतं. पाचवं तर तोंडच खाली घालतं."

त्याने खिशातून एक काडतूस काढून काउंटरवर ठेवलं. त्याच्या गोळीचं टोक चेपलेलं होतं, एका बाजूने, कशावर तरी आपटल्यासारखं.

इथे थांबून सांगतो, कारण पुढचं सगळं इथेच आहे. काडतूस वर न येता तोंड खाली घालत असेल, टोक चेपत असेल, तर दोष मॅगझिनमध्ये असतो. स्प्रिंग, फॉलोअर, नाहीतर वरच्या कडा. चालवणाऱ्याने बोल्ट अर्धाच मागे ओढला तर वेगळं होतं: बोल्ट काडतुसाच्या मागे पोचतच नाही, त्याच्या अंगावरून निसटतो, नळी रिकामी राहते. टोक चेपत नाही. शिकाऊ पोरालाही हा फरक माहीत असतो. मला तर होताच. मी त्या टोकाकडे बघितलं. बघितलं, आणि बोटाने सरकवून भंगाराच्या ट्रेमध्ये टाकलं. कारण उघडून बघितलं असतं तर काय निघालं असतं याची मला भीती होती, आणि बाकावर तीन माणसं बसली होती ज्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

"बोल्ट ओढून दाखव," मी म्हणालो.

त्याने रिकाम्या बंदुकीचा बोल्ट ओढला. नेहमीसारखा. मी मान वाकडी करून बघितल्यासारखं केलं.

"हे बघ. हात थरथरतोय. पूर्ण मागे येतच नाही. वय झालं दादा, बंदुकीला कशाला दोष देतोस?"

"थरथरतोय?" त्याने स्वतःच्या हाताकडे बघितलं.

"मला दिसतंय ना. माझं कामच आहे ते."

भोंग्याला एवढंच पाहिजे होतं. "आता दादा डुकराला आधी सांगतील, जरा थांब रे बाबा, मला वेळ लागतो!" बेकरीवाल्याने हसताना चहा सांडला. ओव्हरसियर तोंडावर रुमाल धरून हसले, सभ्य माणूस म्हणून. आणि मी? मी सगळ्यात मोठ्याने हसलो. वर म्हणालो, "थरथरत्या हाताने निदान मीठ तरी छान पेरता येईल."

दादाने रायफल कापडात गुंडाळली आणि गेला. पायरी उतरताना त्याने कठड्याला धरलं. आधी कधी धरत नव्हता.

त्या दिवशी मी चांगला जेवलो. हेही लिहून ठेवतो.

पुढे कानावर यायला लागलं. दादा गाडी चालवत नाही, वहिनी चालवते. दादा कप अर्धाच भरू देतो आणि दोन्ही हातांनी धरतो. डुकरांसाठी फोन आला तर दुसऱ्या कोणाचं तरी नाव सांगतो. डॉक्टरकडे दोनदा जाऊन आला. डॉक्टरने हात पुढे करायला लावले, नाकाला बोट लावायला सांगितलं, रक्त तपासलं, आणि म्हणाला, काही नाही, ठणठणीत आहात. वहिनीने मला हे फोनवर सांगितलं, आणि मग म्हणाली, "पण ऐकतायत कुठे? म्हणतात, डॉक्टर मला दहा मिनिटं बघतो. बारक्या मला जन्मापासून बघतोय. आणि तो खोटं कशाला बोलेल?"

मी म्हणालो, "काळजी घ्यायला सांगा." आणि फोन ठेवला.

मला तेव्हा खात्री नव्हती, असं म्हणता येईल. म्हणणार नाही. रायफल मागवून घेऊन उघडून बघायला मला अर्धा तास लागला असता. मी आठ महिन्यांत तो अर्धा तास काढला नाही.

मग एका सोमवारी तो स्वतःच आला. रायफल त्याच कापडात.

"जरा साफ करून ठेव. शुक्रवारी ऑफिसात जमा करतो. यादीतून नाव काढून घेतोय, परवानाही. फॉर्म भरलाय, सही तिथे साहेबांसमोर करायची असते."

"एकदम परवानाच?"

"मग काय भिंतीवर टांगू?" तो हसला. चांगला हसला, मला बरं वाटावं म्हणून. "तू म्हणालास ते बरं झालं. कोणी तोंडावर बोलत नाही. एखाद्या शेतात अंधारात चुकून माणसाला लागली असती तर?"

तो गेल्यावर मी दुकान दुपारपर्यंत उघडं ठेवलं, काम केलं नाही. जेवणानंतर बाक रिकामा झाला तेव्हा रायफल शिकंज्यात धरली. तळपट्टीवर लाल ठिपका जसाच्या तसा. अर्धा पट्टीवर, अर्धा चौकटीवर, केसाएवढीही चीर नाही. माझ्यानंतर कोणी उघडली नव्हती.

खटका दाबला. पट्टी, स्प्रिंग, फॉलोअर हातात आलं.

फॉलोअर उलटा होता.

त्याच्या एका बाजूला एक लांबट उंचवटा असतो, वरची काडतुसं डावी-उजवी नीट बसावीत म्हणून. पुढचं टोक पुढे, मागचं मागे, म्हणजे उंचवटा बरोबर बाजूला येतो. काही जुन्या बंदुकांत तो उलटाही बसतो, आणि बसला की बाहेरून कळत नाही. वर तीन-चार काडतुसांची गर्दी असते तोवर ती एकमेकांच्या आधाराने सरळ राहतात. गर्दी संपली, शेवटची दोन उरली, की त्यांना खाली आधार नाही. तोंड खाली घालतात. दादाने जे सांगितलं होतं ते शब्दाला शब्द.

बायको दस्त्याला लावायची तेलाची बाटली घेऊन आली होती. माझ्या तळहाताकडे तिने बघितलं.

"हे उलटं काढलंत की उलटंच होतं?"

"काय?"

"अहो, मला काय विचारता काय म्हणून? स्प्रिंगवर खूण दिसत्ये की. या तोंडाने बसलेलं होतं." मग तिने तळपट्टी उचलली, ठिपका बघितला. तिचीच नेलपॉलिश. "भाऊजींनी उघडली नाही."

"नाही."

"म्हणजे तुम्ही."

मी फॉलोअर टेबलावर ठेवला.

"त्यांचा हात?"

ती स्टुलावर बसली. शिव्या देईल असं वाटलं, मी तयारही होतो, दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं. ती एवढंच म्हणाली, "मी तेव्हा आत होते. तुमचं हसणं मला आतपर्यंत ऐकू आलं होतं."

फॉलोअर सरळ करून बसवायला दीड मिनिट लागलं. पाच नकली काडतुसं भरली. पाचही गेली, पाचही बाहेर पडली. परत भरली. परत. तीनदा. लोण्यातून सुरी जावी तशी. मला ती बंदूक खिडकीतून फेकून द्यावीशी वाटली.

मंगळवार मी काय सांगायचं ते जुळवण्यात घालवला. आणि माणूस किती नीच असतो बघा, जुळवलं ते असं: स्प्रिंग कमजोर झाली होती, जुनी झाली होती, मी बदलली. कोणाचीच चूक नाही. बंदूक सुटली, मी सुटलो, दादाला आनंद. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "तुमचा भाऊ आहे, तुम्ही बघा," आणि पाठ फिरवून लाकूड घासायला लागली. इतकं जोरात की पॉलिश निघालं.

बुधवारी सकाळी रायफल घेऊन दादाकडे गेलो. जिन्याच्या खालच्या पायरीवर त्याची नात बसली होती, चार वर्षांची, अंगात भिंगरी म्हणून सगळे भिंगरीच म्हणतात. तिने दोन्ही हात वर केले.

"मला वर ने. पाय दुखले."

"आजोबा वर आहेत ना, त्यांना हाक मार."

"आजोबांना नाही सांगायचं," तिने मला समजावलं, मोठ्या माणसासारखं. "त्यांचे हात बिघडलेत. ते मला पाडतील."

मी तिला उचलून वर नेलं. दोन मजले. तेवढ्यात जुळवलेलं वाक्य अर्धं विसरलो होतो, तरी वर पोचल्यावर तेच बोललो. माझ्यासारख्याला सवय सुटत नाही.

"दादा, अरे स्प्रिंगच गेली होती. बदलली. आता मस्त चालते."

तो टेबलाशी बसला होता. समोर फॉर्म, त्यावर चष्मा.

"हो का? बरं झालं. पुढे ज्याच्या हातात जाईल त्याला त्रास नको." आणि चहाचा कप दोन्ही हातांनी उचलला.

म्हणजे झालं काय, माझं खोटं त्याच्यापर्यंत पोचलंच नाही. स्प्रिंगही खराब असेल, हातही खराब असेल, त्याच्या हिशेबी दोन्ही खरं. बंदूक दुरुस्त करून मी काहीच दुरुस्त केलं नव्हतं. वहिनी ओट्याशी पाठमोरी उभी होती. भिंगरी खुर्चीखाली. मी उभाच राहिलो.

"दादा, स्प्रिंग नव्हती. फॉलोअर मी उलटा लावला होता. त्या दिवशी, डोळे मिटून. तुझा हात कधीच थरथरत नव्हता."

वहिनीने नळ बंद केला.

दादाने कप खाली ठेवला. माझ्याकडे नाही, बंदुकीकडे बघितलं.

"कधी कळलं तुला?"

"परवा. उघडली तेव्हा."

"मी काडतूस आणून दिलं होतं. टोक चेपलेलं."

"हो."

"हात थरथरला तर टोक चेपतं?"

"नाही."

"हे तुला परवा कळलं?"

खोटं बोलायची ती शेवटची संधी होती, आणि सांगतो, जीभ वळली होती. "नाही," मी म्हणालो. "तेव्हाच माहीत होतं."

वहिनी वळली. मला वाटलं ती ओला हात माझ्या तोंडावर मारणार. तिने भिंगरीला उचललं आणि आतल्या खोलीत घेऊन गेली, दार लावून घेतलं. त्या दारानेच मारल्यासारखं झालं.

"मी हिला उचलत नव्हतो," दादा म्हणाला. आवाज अगदी साधा. "आठ महिने. ती रडायची, मी हात मागे बांधून उभा राहायचो. आठ महिने, बारक्या."

त्याने घड्याळ बघितलं. "ते तिघं असतील आत्ता दुकानात?"

"असतील."

"चल."

वाटेत तो पुढे, मी रायफल घेऊन मागे. रस्त्यात ओळखीचे लोक त्याला नमस्कार करत होते, तो करत होता, मला कोणी विचारत नव्हतं आणि बरंच होतं.

तिघं होते. बायको काउंटरवर होती, आम्हाला बघून तिने हातातलं काम खाली ठेवलं.

"अरे वा, दोघं भाऊ एकत्र!" भोंगा. "आज सूर्य कुठून उगवला?"

"ह्याला काहीतरी सांगायचंय," दादा म्हणाला आणि दाराला टेकून उभा राहिला. "तुम्हाला."

मी सांगितलं. काउंटरच्या मागे जायला लागलो होतो, दादाने नुसती मान हलवली, म्हणून बाकासमोर उभा राहून सांगितलं. फॉलोअर उलटा. चालवून बघितलं नाही. काडतूस बघून ट्रेमध्ये टाकलं. दादाच्या हाताला काही झालं नव्हतं, मी मुद्दाम म्हणालो. तुम्ही हसलात, मी हसवलं.

मला वाटलं होतं ते माझ्यावर तुटून पडतील. निदान हसतील. बेकरीवाला कपाळाला आठ्या घालून बसला.

"कधी रे हे? मी होतो?"

"तूच चहा सांडलास."

"असेल बुवा. आठवत नाही."

भोंग्यालाही आठवत नव्हतं. एवढं बोलतो दिवसभर, त्याला एक वाक्य कसं आठवणार? ज्याच्यापायी एक माणूस आठ महिने हात पाठीमागे बांधून फिरला, ते त्यांना घरी पोचेपर्यंतही टिकलं नव्हतं. ओव्हरसियरांना मात्र आठवलं असावं. ते रुमालाच्या घड्या घालत होते. मग म्हणाले, "माझी दुनळी बंदूक गेल्या महिन्यात तूच उघडलीस. ती चालवून बघितली होतीस?"

"बघितली होती."

"हं," ते म्हणाले. त्या 'हं'मध्ये माझी पंचवीस वर्षं गेली.

दादा पुढे आला. "दे."

त्याने रायफल घेतली, टेबलावरच्या डब्यातली पाच नकली काडतुसं एकेक करून दाबून भरली. बोल्ट वर, मागे, पुढे, खाली. एक. दुसरं उडून फरशीवर गेलं. तिसरं. मग त्याने बोल्ट मागे ओढला, पुढे ढकलला, दाबला. परत उघडला, आणि काहीच बाहेर आलं नाही. नळी रिकामी. चौथं काडतूस आत मॅगझिनमध्ये तसंच पडून होतं, सरळ, टोक शाबूत.

मी बघितलं होतं. त्याने बोल्ट पूर्ण मागे आणला नव्हता. चार बोटं आधीच थांबला होता, हळूच, काच उचलल्यासारखा. आठ महिने तो प्रत्येक वस्तू अशीच उचलत होता.

त्याने रिकाम्या नळीत बघितलं. मग माझ्याकडे.

"आता बंदूक की मी?"

दुकानात सगळे माझ्याकडे बघत होते. बंदूक म्हणालो असतो तर त्या क्षणी सगळ्यांना बरं वाटलं असतं. त्यालाही. पण बंदुकीत काही नव्हतं, मी तीनदा चालवली होती. आणि दुसरं म्हणालो तर, तेच वाक्य. त्याच जागी उभं राहून, त्याच माणसांसमोर, त्याच माणसाला. फरक इतकाच की आता ते खरं होतं, आणि ते खरं मी केलं होतं.

"तू, दादा," मी म्हणालो. "अर्धाच ओढलास."

भोंग्याने तोंड उघडलं. बायको म्हणाली, "तुम्ही घरी जा." तिघंही उठले. बेकरीवाल्याने कप स्वतः उचलून आत नेऊन ठेवला, जन्मात पहिल्यांदा.

दादा अजून तसाच उभा होता. त्याच्या जबड्याचं हाड हलत होतं. मला वाटलं, आता बंदूक खाली ठेवेल, शुक्रवारी सही करेल, आणि माझं तोंड परत बघणार नाही. ठेवली असती तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही.

"पुन्हा भर," तो म्हणाला.

काडतुसं फरशीवर गेली होती. एक बाकाखाली, एक कपाटाच्या मागे. मी गुडघ्यांवर बसून काढली, पुसली, भरली. तो पुन्हा अडखळला. पुन्हा काढली. दुपारपर्यंत हेच. त्याच्या तोंडी एकच शब्द, "भर".

शुक्रवारी तो ऑफिसात गेला. सही केली नाही, फॉर्म परतही घेतला नाही. साहेबांना म्हणाला, एक महिना थांबा. साहेब म्हणाले, ठीक आहे, थांबतो, पण तोवर यादीत नाव खाली टाकतो. सगळ्यात खाली टाकलं. हे मला वहिनीकडून कळलं नाही, वहिनी माझा फोन घेत नाही. ओव्हरसियरांकडून कळलं. ते अजून बाकावर येतात, त्यांची दुनळी मात्र दुसऱ्या गावच्या माणसाकडे जाते.

दादा रोज सकाळी येतो. बाकावरच्या लोकांसमोरच चालवतो, आत चल म्हणालो तर येत नाही. मी खाली बसून काडतुसं गोळा करतो. भोंगा आता या वेळेला रस्त्याकडे बघतो.

काल पाचही गेली. एकामागून एक, पूर्ण मागे, पूर्ण पुढे, पाचही फरशीवर. मी गुडघ्यांवरून वर बघितलं.

"बरोबर होतं?" त्याने विचारलं.

"बरोबर," मी म्हणालो.

त्याने मान वळवून काउंटरकडे बघितलं, माझ्या बायकोकडे.

"काय गं, बरोबर होतं?"

"हो भाऊजी," ती म्हणाली. "पाचही."

तेव्हा त्याने बंदूक खाली ठेवली.